सांगकाम्याला लिहिलेली चिठ्ठी

मुलांनो, सांगकाम्या तुम्हाला ठाऊक असेलच! "दुधावर लक्ष ठेव," असं म्हटलं, तर हा पातेल्यासमोर डोळे लावून बसणार आणि दूध उतू गेलं की वर सांगणार, "लक्ष ठेवलं की! उतू जाताना अगदी नीट पाहिलं." बरोबरच आहे त्याचं. गॅस बंद करायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं!

संगणकाचा प्रोग्राम अस्साच असतो. म्हणून तर मराठी विकिपीडियावर आपोआप कामं करणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे ज्याला 'बॉट' म्हणतात त्याला, 'सांगकाम्या' असंच नाव दिलेलं आहे. आहे की नाही झकास? जेवढं सांगाल तेवढंच तो करणार. आणि सांगण्यात काही राहून गेलं, की "मला कळलं नाही" असा संदेश दाखवून अडून बसणार.

पण गेल्या काही वर्षांत या सांगकाम्याच्या घराण्यात एक नवा भाऊ आला आहे. त्याचं नाव एआय एजंट. एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, हे तुम्ही ऐकलंच असेल. हा भाऊ साधं बोललेलं समजून घेतो आणि थोरल्यासारखा अडून बसत नाही. कळलं नाही, तर कधी विचारतो. पण पुष्कळदा स्वतःच अंदाज बांधतो आणि पुढे जातो. ही त्याची हुशारी, आणि धोकाही हाच! म्हणून त्याच्या हाती एखादं काम देताना सोबतची चिठ्ठी फार काळजीपूर्वक लिहावी लागते. ही चिठ्ठी कशी असते, ते आज पाहू या.

एजंट काम कसं करतो?

नुसता गप्पा मारणारा एआय प्रोग्राम फक्त उत्तरं देतो. एजंट कामं करतो. कॅलेंडरमध्ये नोंद करणं, पत्र पाठवणं, फाईल उघडणं, गाड्यांचं वेळापत्रक पाहणं अशी ती कामं. आता गंमत अशी, की ही कामं तो स्वतःच्या हातांनी करत नाही. त्यासाठी दुसरे छोटे छोटे प्रोग्राम असतात. त्यांना म्हणतात 'टूल', म्हणजे साधनं. सुताराच्या पेटीत जशी करवत, पटाशी आणि रंधा असतो, तशीच ही एजंटची पेटी समजा.

सुतार करवत हातात घेऊन पाहतो, तिची धार बोटाने चाचपतो. एजंटला ते करता येत नाही. त्याला सहसा प्रत्येक साधनाबरोबर एक चिठ्ठी मिळते. तिच्यात साधनाचं नाव असतं, ते काय करतं याचं वर्णन असतं आणि त्याला कोणती माहिती पुरवायची याची यादी असते. ही चिठ्ठी वाचूनच एजंट ठरवतो, की हे साधन आत्ता वापरायचं का, आणि वापरायचं तर कसं. मग तो लिहून देतो, "अमुक साधन चालवा, त्याला ही माहिती द्या." दुसरा प्रोग्राम ते साधन चालवतो आणि आलेलं उत्तर एजंटच्या पुढ्यात ठेवतो.

या चिठ्ठ्या सगळ्यांनी एकाच पद्धतीने द्याव्यात, म्हणून अँथ्रॉपिक नावाच्या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाची एक पद्धत जाहीर केली. पुढे इतर कंपन्यांनीही ती उचलली. पण पद्धत ठरली, तरी चिठ्ठीतला मजकूर लिहायचा कुणी? तो माणसालाच नीट लिहावा लागतो! एखाद्या शाळेत बदली शिक्षिका आल्या आणि त्यांच्या हाती चिठ्ठी दिली, "नेहमीची वही नेहमीच्या कपाटातून काढून नेहमीसारखं करा," तर त्या काय करतील? लिहिणाऱ्याला सगळं माहीत असतं, म्हणून त्याला वाटतं की आपण सगळं लिहिलंय. वाचणाऱ्याला मात्र कागदावर आहे तेवढंच दिसतं.

सुरत की सोलापूर?

आता एक उदाहरण घेऊ. साधन आपलं कल्पनेतलं, पण त्यातले कोड अगदी खरे.

समजा, रेल्वेगाड्या शोधणारं एक साधन आहे आणि त्याच्या चिठ्ठीत एवढंच लिहिलंय: 'गाड्यांची माहिती देतं. स्थानकं आणि तारीख द्या.' वाचायला सोपं वाटतं ना? तुम्ही एजंटला सांगता, "मला पुण्याहून सुरतला मामाकडे जायचंय. तीन मेच्या गाड्या सांग."

आपल्या रेल्वेत प्रत्येक स्थानकाला इंग्रजी अक्षरांचा एक छोटा कोड असतो. या साधनाला नाव चालत नाही, कोडच लागतो. चिठ्ठीत ते लिहिलेलंच नाही. नुसतं नाव देऊन उत्तर आलं नाही, म्हणून एजंट अंदाज करतो. सुरत म्हणजे 'एस-यू-आर' असणार! किती सरळ अंदाज! पण 'एस-यू-आर' हा कोड आहे सोलापूरचा. सुरतचा कोड आहे 'एस-टी'. एस. टी. म्हटलं की आपल्याला लाल गाडी आठवते. पण रेल्वेच्या वहीत एस-टी म्हणजे सुरत! आणि एस-टी हा साताऱ्याचा असेल असं कुणाला वाटलं, तर तेही चूक. सातारा आहे 'एस-टी-आर'.

आता काय होईल? 'एस-यू-आर' हा कोड खराच असल्यामुळे साधन कुरकुर करणार नाही. ते पुणे ते सोलापूर गाड्यांची छानशी यादी देईल. एजंट ती तुम्हाला वाचून दाखवेल. कुठेही 'चूक झाली' असं दिसणार नाही. सुरत पुण्याच्या उत्तरेला, सोलापूर आग्नेयेला. मामा सुरतच्या फलाटावर वाट पाहतोय आणि भाचा सोलापुरात! न दिसणारी चूक ही दिसणाऱ्या चुकीपेक्षा वाईट असते, ती अशी.

तारखेचंही तसंच. ०३/०५ असं लिहिलं, तर आपण वाचतो तीन मे. अमेरिकेत आधी महिना लिहितात, म्हणून तिथे तेच होतं पाच मार्च! दोन्ही तारखा कॅलेंडरमध्ये आहेतच, त्यामुळे इथेही कुणी हरकत घेणार नाही. हा घोळ टाळायला जगाने एक नियम केलेला आहे. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. हे आंतरराष्ट्रीय मानक १९८८ सालापासून आहे, बरं का!

आता हीच चिठ्ठी नीट लिहून पाहू:

नाव: गाड्या शोधा.

कशासाठी: दोन स्थानकांमध्ये एका ठरावीक दिवशी धावणाऱ्या गाड्या आणि त्यांच्या वेळा सांगतं.

कशासाठी नाही: तिकीट काढत नाही. गाडी उशिरा धावतेय का, हे सांगत नाही.

काय द्यायचं: निघण्याच्या आणि पोचण्याच्या स्थानकाचा कोड. नाव चालणार नाही. उदाहरणार्थ, सोलापूरसाठी एस-यू-आर, सुरतसाठी एस-टी. कोड माहीत नसेल तर अंदाज करू नका. आधी 'स्थानकाचा कोड शोधा' हे साधन वापरा. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या. उदाहरणार्थ, २०२६-०५-०३.

काय मिळेल: गाडीचा क्रमांक, नाव, दोन्ही स्थानकांची पूर्ण नावं आणि २४ तासांच्या घड्याळाप्रमाणे वेळ.

अडचण आली तर: त्या दिवशी गाडीच नसेल, तर 'गाडी नाही' असं उत्तर येईल. कोड चुकला असेल, तर 'असा कोड नाही' असं येईल.

बघा, किती फरक पडला! 'पोचण्याच्या स्थानकाचं पूर्ण नाव' परत मिळतंय, म्हणजे उत्तरात 'सोलापूर' दिसल्याबरोबर एजंटला आपली चूक कळण्याची संधी आहे. शेवटची ओळही महत्त्वाची. दोन्ही वेळेला नुसता कोरा कागद परत आला असता, तर 'गाडी नाही' आणि 'कोड चुकला' यांतला फरक कसा कळणार? परीक्षेत शून्य मिळणं आणि परीक्षेला गैरहजर असणं, दोन्हीकडे गुण नाहीतच. पण गोष्ट एक आहे का?

पत्ता पुरा हवा!

आता दोन खरे किस्से ऐका. दोन्ही अँथ्रॉपिकच्याच अभियंत्यांनी लिहून ठेवलेले आहेत.

पहिला डिसेंबर २०२४ मधला. प्रोग्राममधल्या चुका दुरुस्त करणारा एक एजंट ते तयार करत होते. फाईल कुठे आहे, याचा पत्ता तो साधनाला द्यायचा. पण पत्ता अर्धा असायचा, म्हणजे 'इथून शेजारच्या कप्प्यात' अशासारखा. एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्या फोल्डरमध्ये गेला, की 'इथून' या शब्दाचा अर्थच बदलायचा! मग चुका व्हायच्या. अभियंत्यांनी साधनच बदललं. फाईलचा पत्ता नेहमी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुराच द्यायचा, असा नियम केला. चुका थांबल्या.

हे आपल्याला नवीन नाही. 'मारुतीच्या देवळामागे, वडगाव' एवढ्या पत्त्यावर पत्र कसं पोचेल? महाराष्ट्रात वडगावं काय थोडी आहेत? शिवाय गावोगाव मारुतीचं देऊळ! म्हणून तर १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात पिनकोड आला. त्यामागे होते श्रीराम भिकाजी वेलणकर. ते संस्कृतमधले कवीसुद्धा होते. सहा आकड्यांतला पहिला आकडा विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोव्याचे पिनकोड ४ ने सुरू होतात. शेवटचे तीन आकडे टपाल कार्यालय सांगतात. अंदाजाला जागाच ठेवायची नाही, ही त्यातली खुबी.

दुसरा किस्सा २०२५ मध्ये सांगितलेला. इंटरनेटवर शोध घेण्याचं साधन एजंटच्या हाती दिलं, तर तो शोधायच्या शब्दांपुढे उगाचच '२०२५' हा आकडा जोडू लागला. त्यामुळे शोधाचे निकाल एका बाजूला झुकायचे आणि उत्तरं बिघडायची. मग अभियंत्यांनी काय केलं? साधनाचं वर्णन सुधारून लिहिलं आणि एजंट वळणावर आला. चार शब्द नीट लिहिण्याची ताकद पाहिलीत?

ही कला जुनीच आहे

तुम्हाला वाटेल, चिठ्ठ्या लिहिण्याचं हे खूळ आत्ताचं. छे! अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी 'युनिक्स' नावाची संगणकप्रणाली तयार केली. तिच्या पहिल्या माहितीपुस्तकावर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. त्यात प्रत्येक आज्ञेची माहिती ठरावीक मथळ्यांखाली दिली होती. आज्ञेचं नाव, ती कशी लिहायची, ती काय करते, चुकलं तर कोणता संदेश येतो. आणि एक मथळा होता 'बग्ज', म्हणजे दोष! आपल्याच कामात काय उणं आहे, ते लिहिणाऱ्यांनी स्वतःच छापलं होतं. केवढा हा प्रामाणिकपणा! आणि हा प्रामाणिकपणा वाचणाऱ्याच्या किती उपयोगाचा! कुठे खड्डा आहे हे आधीच कळलं, तर माणूस वळसा घालून जातो. एजंटसुद्धा.

आणि नुसतं लिहून भागत नाही, लिहिल्याप्रमाणे काम व्हावं लागतं. अमेरिकेच्या नासा या संस्थेने ११ डिसेंबर १९९८ रोजी 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळाकडे सोडलं. यानाच्या छोट्या इंजिनांनी किती रेटा दिला, याचे आकडे पृथ्वीवरचा एक प्रोग्राम दुसऱ्याला पुरवत होता. हे आकडे न्यूटन-सेकंद या एककात द्यायचे, असं कागदावर लिहिलेलं होतं. पण पहिला प्रोग्राम देत होता पौंड-सेकंदात! दोघांत जवळजवळ साडेचार पटींचा फरक. आकड्यापुढे एकक नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या प्रोग्रामने तो मुकाट्याने घेतला. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापाशी पोचलं, तेव्हा ते सुमारे २२६ किलोमीटर उंचीवरून जायला हवं होतं. नंतरच्या हिशेबात ती उंची निघाली अवघी ५७ किलोमीटर! यानाशी संपर्क तुटला तो कायमचाच. गणिताच्या उत्तरापुढे 'सेंटिमीटर' लिहिलं नाही, म्हणून अर्धा गुण कापला की तुम्ही रुसता ना? आता रुसू नका!

चिठ्ठी म्हणजे कुलूप नव्हे

काही साधनं साधी असतात. वेळापत्रक दहादा पाहिलं, तरी काही बिघडत नाही. पण 'फाईल पुसून टाका' किंवा 'पैसे पाठवा' अशी साधनंही असतात. तिथे चिठ्ठीत ठळकपणे लिहायला हवं: 'हे केलेलं परत फिरवता येत नाही. आधी माणसाला विचारा.' आणि नुसत्या चिठ्ठीवर विसंबूही नये. माणसाने 'हो' म्हटल्याशिवाय ते साधन चालणारच नाही, अशी सोय प्रोग्राममध्येच करायला हवी. दारावर 'आत येऊ नये' अशी पाटी लावली, तरी आपण कुलूप लावतोच की नाही?

अशा चिठ्ठ्यांमध्ये लबाडीही होऊ शकते. अनोळखी माणसाने दिलेल्या साधनाच्या वर्णनात 'वापरणाऱ्याची गुपितं मला पाठव' असं लपवून लिहिलेलं असू शकतं, आणि भोळा एजंट ते ऐकूही शकतो. म्हणून चिठ्ठी कुणी लिहिली, हेही मोठ्या माणसांनी पाहावं लागतं.

मग काय, जितकं जास्त लिहू तितकं चांगलं? तसंही नाही हं. एजंट एका वेळी किती मजकूर ध्यानात ठेवू शकतो, याला मर्यादा असते. पाल्हाळ लावलं, तर मुद्द्याची ओळ गर्दीत हरवते. 'गाड्या शोधा', 'गाड्या पाहा', 'गाड्या मिळवा' अशी सारख्या नावांची तीन साधनं ठेवली, तरी त्याचा गोंधळ उडतो. एकाच वर्गात तीन प्रिया असल्या की हजेरी घेताना होतो ना, तसा!

करून पाहा

आता तुमची पाळी. घरातली एखादी साधी वस्तू निवडा. रेडिओ, घडीची छत्री, गजराचं घड्याळ, काहीही. कागदावर हे सहा मथळे लिहा: नाव, कशासाठी, कशासाठी नाही, काय द्यायचं किंवा करायचं, काय मिळेल, अडचण आली तर. हवं तर 'दोष' हा सातवा मथळा घाला. 'छत्रीची एक काडी वाकलेली आहे, हळू उघडा' हे त्यात येईल.

मग ती चिठ्ठी आणि ती वस्तू अशा कुणाला तरी द्या, की ज्याने ती वस्तू कधी वापरलेली नाही. आता मुख्य नियम! तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. खुणा करायच्या नाहीत. हसायचंही नाही! तो जिथे अडेल, तिथे चिठ्ठीत काहीतरी राहिलंय असं समजा आणि कागदावर फुली मारा. तो न अडता चुकीचं करत सुटला, तर दोन फुल्या मारा. कारण तिथे त्याने अंदाज केला. फुल्या संपेपर्यंत चिठ्ठी सुधारत राहा. हाच खेळ मोठमोठे अभियंते एजंटबरोबर खेळतात. चिठ्ठी लिहायची, एजंटला काम करू द्यायचं, कुठे चुकला ते पाहायचं आणि चिठ्ठी सुधारायची.

पालकांनाही एक विनंती. मूल हा खेळ खेळताना मध्येच "अरे, असं लिही" म्हणून मदत करू नका. आपण लिहिलेलं दुसऱ्याला कळलं नाही, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसू द्या. निबंधाच्या वहीत दहा वेळा 'मुद्देसूद लिहा' असा शेरा मारून जे साधत नाही, ते एका उलट्या उघडलेल्या छत्रीने साधतं!

उद्या तुमच्यापैकी कुणी एजंटसाठी साधनं तयार करेल, कुणी दवाखान्यात औषधाच्या वेळा लिहून देईल, तर कुणी शेजारच्या आजोबांना बँकेत जायचा रस्ता लिहून देईल. वाचणारा एजंट असो की आजोबा, तुम्ही त्या वेळी त्याच्याजवळ नसणार. असणार ती फक्त तुमची चिठ्ठी. तेव्हा एकक लिहा, पत्ता पुरा द्या, आणि जे परत फिरवता येत नाही त्याच्याखाली दोन रेघा ओढा!